वाळूवरची मोकळी जागा

शपथ घेऊन सांगते, मोठ्यानं सांगते, ह्यातला एक शब्द खोटा निघाला तर माझी जीभ जागच्या जागी वाळून जाऊ दे. माझे दात खोटे आहेत, मान्य. पण ते ज्या बाईनं करून दिले तिचीच ही गोष्ट, आणि त्या दातांमधून खोटं बाहेर पडत नाही. अडकतं.

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि ती घरी बसून त्यांवरून कवळ्या करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं बाक. बाकावर मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे डबे, आणि फळीवर चिठ्ठ्या लावलेले, तोंड नसलेले दात. पाहुणा आला की त्याला आधी दात दिसायचे, मग ती. केसाएवढी चूक झाली तरी माणसाला घास चावता येत नाही, म्हणून तिचा भरवसा फक्त मापावर. कुणी तिच्यापुढे भूतखेत, शकुन-अपशकुन काढलं की म्हणायची, "माप आणा, मग बोलू."

मागच्या खोलीत तिच्या दादाचा टँक होता. चार फुटी, खाऱ्या पाण्याचा. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभा जन्म लोकांना वर-खाली पोचवून निवृत्त झाला आणि मग त्यानं घरात समुद्र आणला. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. एकमेकांशी भांडायला दोघं पुरेसे होते.

टँकमध्ये दोन जोकर मासे, केशरी अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मालकीण, आणि तिच्या मागेमागे फिरणारा बारीकसा तो घरजावई. नावं दादानंच ठेवलेली. पाण्यात दुसऱ्या कुणाचा हात गेला की मालकीण चावायची. दादाच्या हाताला मात्र मांजरासारखी अंग घासायची. दादा समोरून काचेतून कधी बघायचाच नाही. टँकवर टांगलेल्या दिव्याखाली डोकं घालून, डावा हात काठावर ठेवून, उजवा खांदा वर चढवून, वरून बघत तासन्‌तास उभा.

"अरे, पुढून बघ की. मी काच पुसते ती कुणासाठी?"

"पुढून बघतात ते पाहुणे, बारके. वरून बघतो तो घरचा."

एका सकाळी दादा टँकपाशीच खाली बसला आणि उठला नाही. अर्धांगाचा झटका. स्ट्रेचरवर घेताना तोंड वाकडं झालेलं, तरी त्यानं तिचं मनगट धरलं. "मी येईपर्यंत... मासे..." पुढचं तोंडातच राहिलं.

"तू ये फक्त," ती म्हणाली. "टँक जसाच्या तसा हातात देते."

आता हे बोलायला सोपं. नवव्या दिवशी वाळूवर बटणाएवढा लाल डाग दिसला. चार दिवसांत वाळूभर साय धरली. साय म्हणजे सायच हो, फक्त रंग सुकत आलेल्या रक्ताचा. खाली हवेचे बुडबुडे अडकायचे आणि ती जागोजागी फुगायची. पाण्याला तळघराचा वास यायला लागला. तिनं मासेवाल्याला बोलावलं. मासेवाला म्हणजे तळायच्या माशांचा नव्हे, पाळायच्या. दादाचा टँक त्यानंच बसवून दिला होता.

त्यानं चष्मा वर केला, काचेला नाक लावलं. "ताई, हे शेवाळ नाही. शेवाळाचे पणजोबा आहेत हे. पृथ्वीवर मासा नव्हता, माणूस नव्हता, तेव्हापासूनचे. आपणच त्यांच्याकडे पाहुणे."

"मग पाहुण्यांनी यजमानाला घालवायचं कसं, तेवढं सांगा."

"नळीनं ओढून काढा, पाणी बदला, खाणं निम्मं करा, पंप वाढवा. आणि धीर धरा."

"धीर सोडून बाकीचं सांगा. वहीत लिहून घेते."

तिनं सगळं केलं. मीठ तोलून, पाणी मापून, वेळ लिहून. नळीनं ओढलं की लाल साय लोंबत लोंबत बादलीत यायची आणि वाळू स्वच्छ दिसायची. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. सकाळी वाळू जवळजवळ पांढरी, अगदी साळसूद. दहाला टायमरवर दिवा लागायचा. बारापर्यंत गुलाबी, चारला लालभडक. सहाला दिवा विझायचा आणि सकाळी परत तोच साळसूदपणा.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की एका जागी साय धरत नाही. पुढच्या काचेजवळ, डावीकडे. साधारण ताटाएवढी गोल जागा, तिच्या खाली पसरट उतार. सगळीकडे लाल आणि तिथे पांढरी वाळू. तिनं रोज चार वाजता वरून फोटो काढला. आठ दिवसांचे फोटो एकावर एक ठेवले. रेघेला रेघ जुळली.

"पाण्याचा झोत लागत असेल," मासेवाला म्हणाला. त्यानं पंप दुसऱ्या टोकाला लावला. जागा तशीच. तिनं चमच्यानं वाळू उकरून सारखी केली. जागा तशीच.

मासेवाला डोकं खाजवत म्हणाला, "हे जगतं उजेडावर. तिथे सावली पडत असेल कशाची तरी."

दोघांनी वर बघितलं. वर दिवा. खाली पाणी. मध्ये काही नव्हतं.

"म्हणजे कुणीतरी दिवसभर उभं असणार इथे," तो हसत म्हणाला, आणि ते हसू त्याचं त्यालाच पुरं करता आलं नाही. त्याला एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली.

तो गेल्यावर तिनं दिव्याखाली डोकं घातलं. वाळूवर तिची सावली पडली. डोकं, मागे अंबाड्याचा गोळा, सरळ खांदे. मोकळ्या जागेला अंबाडा नव्हता. त्या जागेचा उजवा खांदा वर चढलेला होता. आणि अगदी काचेशी चार छोट्या पांढऱ्या पट्ट्या होत्या, काठावरून आत वळलेल्या बोटांच्या. तिसरी आखूड. दादाच्या डाव्या हाताच्या त्या बोटाचं टोक लिफ्टच्या दारानं कधीच नेलं होतं.

जबड्याचा ठसा म्हणजे तरी काय? समोर नसलेल्या माणसाच्या तोंडाची रिकामी जागा. रिकाम्या जागेवरून माणूस ओळखायचा, हाच तर तिचा धंदा. तिनं ओळखला.

भ्यायली का? नाही. आधी तिला बरंच वाटलं. तिनं टँकजवळची दादाची खुर्ची भिंतीला सरकवली, येण्याजाण्याला आड नको म्हणून. दुसऱ्या दिवशी दहाला दिवा लागला तेव्हा बाकावरूनच ओरडली, "आलास? पाय पूस."

हॉस्पिटलात ती दुपारची जायची. दादाचे डोळे उघडे, पण घर उघडं टाकून सगळे बाहेर गेल्यासारखे. हाक मारा, चिमटा काढा, काही नाही.

एकदा नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही संध्याकाळी या ना. सहा वाजले की हे जरा ठिकाणावर येतात. बोटं हलवतात, डोळे फिरवतात. रात्रभर बरे असतात. सकाळी दहा वाजले की गेले."

"गेले?"

"अहो, तसे गेले नव्हे! म्हणजे परत असे."

ती घरी आली आणि बराच वेळ टायमरकडे बघत बसली. मग तिनं तो एक तास पुढे केला, दहाऐवजी अकरा. माप आणा, मग बोलू. दुसऱ्या दिवशी बाराला तिनं फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, "गंमत बघा, आज अकरापर्यंत शुद्धीवर होते."

तेव्हा ती भ्यायली.

इकडे मासे थकत चालले होते. घरजावई एका सकाळी वाळूवर आडवा मिळाला, अंगावर लाल पापुद्रा. मालकीण पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकायची. मासेवाला दारातूनच म्हणाला, "शेवटचा उपाय. तीन दिवस अंधार. काळं कापड, चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा, उजेडाची रेघ आत जाता कामा नये. आणि डोकावायचं नाही. डोकावलात की सगळी मेहनत पाण्यात."

तिनं विचार केला. दिवा लागला नाही तर दादाला इकडे यायला कारणच उरणार नाही. तिन्ही दिवस तो तिकडेच राहील, अख्खा. मालकीणही वाचेल, दादाही वाचेल. तिनं काळी कांबळी आणली, कडेनं चिकटपट्टी मारली. बांधताना नुसती म्हणाली, "जा आता. तिकडेच थांब."

पहिल्या दिवशी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. दादानं पाणी मागितलं. स्पष्ट. ती बाकावर डोकं ठेवून रडली. कवळीच्या मेणात तिचं नाक उमटलं.

दुसऱ्या दिवशी दादा उठून बसला. डॉक्टर म्हणाले, असं आम्ही फार वेळा बघत नाही. घरी आली तर पंपाचा आवाज बदललेला, खाली गेलेला, त्यावर कुणी तळवा दाबून ठेवावा तसा. तिनं वायर बघितली. ठीक होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा चार पावलं चालला. परवा घेऊन जा म्हणाले.

ती धावत घरी आली, टँकला सांगायला. आणि दारात थांबली.

कांबळीवर, पुढच्या काठाशी, मिठाचे पांढरे डाग उमटले होते. आतून ओल येऊन वाळलेले.

चार. तिसरा आखूड.

दादा इथे होता. तिन्ही दिवस. अंधारात, काठ धरून.

मग तिकडे पाणी कुणी मागितलं?

चिकटपट्टी तिच्या नखाखाली होती. ओढली असती तर निघाली असती. पण तिला ती चार पावलं आठवली. परवा घेऊन जा म्हणाले, ते आठवलं. तिनं हात मागे घेतला, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेली भांडी परत धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेवाल्यासमोर तिनं कांबळी काढली. मालकीण जिवंत होती. पाणी काचेसारखं. वाळू पांढरीशुभ्र. लाल कुठेच नव्हतं.

एका जागेशिवाय.

जी जागा इतके दिवस मोकळी होती, तीच आता लाल होती. डोकं, वर चढलेला खांदा, काचेशी चार पट्ट्या. बाकी काही नाही.

"अंधारात हे वाढत नाही, ताई," मासेवाला हळूच म्हणाला. त्यानं नळी तिच्या हातात दिली आणि स्वतः हात लावला नाही.

इतके दिवस साय तुकड्या-तुकड्यानं निघायची. ही एका सलग पापुद्र्यात निघाली. बादलीत गेल्यावर आपोआप पसरून सपाट झाली. तिनं बादली मोरीत नेऊन ओतली आणि वरून दोन तांबे पाणी टाकलं.

दादा घरी आला. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. तोंड सरळ. गल्ली लोटली बघायला. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, दातांची फळी बघून हसला.

"घर छान ठेवलंयस, ताई."

ताई. साठ वर्षांत त्यानं तिला बारकेशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

मग तो मागच्या खोलीत गेला. टँकसमोर, हात पाठीमागे बांधून, काचेतून बघत उभा राहिला. मालकीण दगडामागे गेली ती बाहेर आलीच नाही.

"कुणाचा गं हा मासा?"

"तुझा."

"असं होय," तो म्हणाला, आणि खिडकी बघायला वळला.

डॉक्टर म्हणतात, आठवण हळूहळू येईल. येईलही. चांगला आहे तो. वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो, कधी भांडत नाही.

आता एक कबूल करून टाकते, नाहीतर जीभ वाळायची. बादली मोरीत ओतली असं मी म्हटलं, तेवढं एक माझ्या पदरचं. ओतायला गेली होती ती. हात वळेना. ते लाल तिनं काचेच्या बरणीत भरलं. बरणी पुढच्या खोलीत बाकावर आहे, खिडकीशी, दातांच्या रांगेत, काळ्या फडक्याखाली.

रोज दुपारी दादा पुढच्या खोलीत, बाकामागे जेवायला बसला की ती फडकं काढते. बरणीवर ऊन पडतं, आत बुडबुडे धरायला लागतात. दादाचा हात ताटावर थांबतो. डोळे उघडे, घास गालात तसाच. ती मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसते.

वाळू स्वच्छ असते. मालकीण दगडामागून निघते, पुढच्या काठापाशी वर येते, आणि तिथल्या रिकाम्या पाण्याला अंग घासत राहते.

अर्ध्या तासानं ती उठते, बरणीवर फडकं टाकते. आणि मागून घास चावल्याचा आवाज येतो.