सहा भागिले मूळ पाच वजा मूळ दोन

चंद्रावरच्या तिसऱ्या घुमटातली हवा विरत चालली, तेव्हा शर्वरीपुढे प्रश्न उभा राहिला तो असा : नवी हवा मिनिटाला √5 मापे आत येते, तड्यातून √2 मापे निसटते, सहा मापे साठायला झडप किती वेळ उघडी ठेवावी? कमी ठेवली तर पलीकडच्या कोंडलेल्या खोलीत धापा टाकणारा तिचा धाकटा भाऊ निनाद वाचणार नव्हता. जास्त ठेवली तर घुमटच फुटणार होता.

तिने मांडले : 6 ÷ (√5 − √2).

झडप चालवणाऱ्या राखीव यंत्राने ते परत केले. ‘छेद पूर्णांक हवा.’

दशांशातला अंदाज यंत्राला देण्यास वसाहतीत बंदी होती. एक घुमट अंदाजानेच गेला होता. छेदातले मूळ घालवण्याची रीत, म्हणजे छेदाचे परिमेयीकरण, शिक्षण समितीने ‘जीवनोपयोगी नाही’ म्हणून गाळली होती. समितीला जीवनाची फार काळजी.

त्या गाळलेल्या धड्यासोबतच घरी बसवलेले गणिताचे शिक्षक, तिचे आजोबा, भिंतीला टेकून बसले होते.

“अप्पा, वर-खाली त्याच पदाने गुणलं. खाली सात वजा दोन मूळ दहा आलं.”

“येणारच. चिखल चिखलाने धुतलास. मधलं चिन्ह बदल.”

“मूळ पाच अधिक मूळ दोन?”

“हं. याला अनुबद्ध पद (संख्या त्याच, मधले चिन्ह उलट) म्हणतात. आता गुण.”

“पाच... अधिक मूळ दहा, वजा मूळ दहा... वजा दोन.” ती थबकली. “मधली दोन्ही एकमेकांना खाऊन गेली. तीन उरले.”

“अंशालाही गुण, बाई. एकट्या छेदाला गुणलंस तर किंमतच बदलेल.”

6(√5 + √2) ÷ 3. म्हणजे 2(√5 + √2). यंत्राने हे मुकाट्याने स्वीकारले. झडप सात मिनिटांहून किंचित अधिक उघडी राहिली. दार सरकले, निनाद खोकला, आणि रडू लागला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

हवा बाकीच्या घुमटांतूनही विरत होती. पाचव्या घुमटाला शर्वरीने संदेशयंत्रावरून तीनदा हाक दिली. तिथून उत्तर आले नाही. तिथेही समितीचाच अभ्यासक्रम होता.

चौथ्यातून मात्र, तिने रीत सांगितल्यावर, एका मुलाचा बारीक आवाज आला. “आमच्याकडे दोन्ही नळ आतच येतात. छेदात मूळ सात अधिक मूळ तीन आहे. चिन्ह आधीच अधिक आहे, मग आम्ही काय करायचं?”

“तुम्ही वजा घ्या,” शर्वरी म्हणाली. “गुणून खाली काय उरतं, ते तूच सांग.”

पलीकडून धापांमधून पुटपुटणे ऐकू आले : सात... वजा मूळ एकवीस, अधिक मूळ एकवीस... वजा तीन.

“चार,” तो म्हणाला.