न उतरलेला भार

नवं सॉफ्टवेअर ऑफिसात आलं की ते आधी ओळखीच्या इमारतीवर चालवून बघायचं, ही सरांची शिस्त. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून लागलेल्या त्या मुलीने आपलंच दुमजली घर निवडलं. खांब, तुळया, पाण्याची टाकी, पुस्तकांचं कपाट, आणि मांजर चढलं तरी कुरकुरणारा लाकडी जिनासुद्धा. शेवटी गंमत म्हणून तिने माणसंही नावानिशी बसवली. आई स्वयंपाकघरात. बाबा वरच्या खोलीत खिडकीपाशी. हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून ते तिथेच असायचे.

बटण दाबताच सगळं घर हिरवं झालं. म्हणजे सुरक्षित. फक्त एक बेरीज जुळेना. वर जेवढं वजन ठेवलं तेवढं घराच्या पायातून जमिनीत उतरलंच पाहिजे. इथे थोडं कमी उतरत होतं.

बरोबर बाबांच्या वजनाएवढं.

तिने ते पुसून पुन्हा भरलं. तेच. त्याच जागी तेवढंच वजन ‘कपाट’ म्हणून ठेवलं, तर निमूट उतरलं. आईला खिडकीपाशी बसवलं, तीही उतरली. ‘बाबा’ लिहिलं की गायब. हाताने गणित मांडलं. त्यात कुठेच चूक नव्हती.

“वजन गिळायला सॉफ्टवेअर काय अजगर आहे?” सर हसले. “अगं, एवढ्याने घर पडत नाही. टाक चाचणीच्या रिपोर्टवर सही.”

“घराचं नाही म्हणत मी, सर.”

सरांनी चष्मा काढला. “डॉक्टर काय म्हणतात?”

“रिपोर्ट सगळे चांगले आहेत.”

“मग झालं तर.”

तिने सही केली. दुसरं करणार काय? डॉक्टरांना सांगणार काय, की बेरीज जुळत नाही?

संध्याकाळी ती खालच्या खोलीत बूट काढत होती.

“आलीस का गं?”

बाबा अगदी मागे उभे होते. ते कधी उतरले, तिला कळलंच नव्हतं. चेहऱ्यावर चांगली तकाकी होती.

“तोंड का उतरलंय?”

“काही नाही. एक गणित चुकतंय.”

“तुझं?” ते हसले. “तुझं गणित कधी चुकलंय?”

ते वळून जिना चढू लागले. ती एका पायात बूट तसाच ठेवून, श्वास रोखून ऐकत राहिली.

काहीच नाही.

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मग कोपऱ्यातलं मांजर उठलं, आळस देऊन त्यांच्यामागे निघालं, आणि पहिली पायरी कुरकुरली.