पाण्यातला किल्ला

ठेवा ते मोबाइल खाली. ठेवा म्हणतो ना! कुझुमीचा किल्ला काही पळून जात नाही. उद्या सकाळी काढा हवे तेवढे फोटो, समोरून, चांगल्या उजेडात. पण खंदकातलं प्रतिबिंब टिपून ते उलटं करायचा विचार असेल, तर माझ्या कॅमेऱ्याच्या दुकानातून तुम्हाला साधी बॅटरी मिळणार नाही. हसू नका. हसणाऱ्याचीच गोष्ट सांगतोय. तो पंखा जरा इकडे वळव रे.

मुरोई माझं जुनं गिऱ्हाईक. पोस्टातला कारकून, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी, आणि वेड एकच. किल्ल्यांचे फोटो. सुट्टी मिळाली की कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून स्वारी निघालीच. त्या वर्षी ओबोनला, पितरांच्या सणाला, तो लेकीला, चिगुसाला, घेऊन आला. शरद ऋतूत तिचं लग्न होतं, म्हणजे बापलेकीची ही शेवटचीच सहल.

सोळा ऑगस्टची संध्याकाळ. घरी आलेल्या पितरांना परत धाडायची रात्र. गाव कागदी दिवे घेऊन खंदकाकडे निघालं होतं. दिवे सुटले की पाणी हलणार, म्हणून मुरोईला त्याआधी फोटो उरकायचा होता. चिगुसाला त्याने पाणदरवाज्याच्या पायरीवर उभं केलं. तिच्या अंगावर आईचा निळा युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, होता.

"बाबा, डास फोडून खातायत मला."

"हलू नकोस गं. जराशी डावीकडे हो."

"लग्न माझं आहे की किल्ल्याचं?"

"किल्ला निदान उलटून बोलत नाही."

पोरगी खळखळून हसली. आणि ह्या बाबाने फोटो काढला तो तिचा नाही, नुसत्या पाण्याचा. पाण्यातला पांढरा बुरूज, पाण्यातली चिगुसा. मग खंदकाकाठच्या ओमिने आजीच्या टपरीवर बसून त्याने कॅमेरा उलटा धरला. किल्ला सरळ उभा राहिला, पण तरंगल्यासारखा. मुरोईची छाती फुगली.

"बघा आजी, असा किल्ला कधी पाहिलाय?"

आजी तांदळाच्या पिठाचे गोळे, दांगो, भाजत होती. तिने पुसलेला हात पुन्हा पुसला, चष्मा लावला आणि एकदम किंचाळली.

"पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस! डोळे फुटलेत का तुझे? पोरीचा गळा बघ!"

मुरोईने पाहिलं. जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू उजवीवर घेतो. उजवी बाजू वर येते ती फक्त प्रेताच्या अंगावर. पाण्यातलं चित्र सरळ केलं की डावं-उजवं उलटतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण मुरोईच्या ते डोक्यात आलंच नव्हतं. फोटोतली चिगुसा प्रेतासारखी नेसलेली होती.

"फोटो आहे हो आजी," तो हसला. "पोरगी कुठे तशी नेसलीय?"

"ह्या किल्ल्याच्या धन्यालाही, तामाओच्या बापालाही, हेच वाटलं होतं. नुसतं सोंग आहे म्हणून!" आजीने हातातला चिमटा शेगडीवर आपटला. "किल्ल्याला वेढा पडला तेव्हा त्या धन्याने पोटच्या पोरीला प्रेताचे कपडे घातले, प्रेताच्या पेटीत घातलं आणि ह्याच पाणदरवाज्यातून बाहेर काढलं. म्हणाला, पलीकडे गेलो की पेटी उघडतो. पलीकडे शत्रूची माणसं उभी. पेटी उघडली असती तर याचं मुंडकं गेलं असतं. म्हणून गप्प बसला मेला! त्याच्यादेखत पेटी पुरली. आतून पोरगी ओरडत असेल, आणि हा खाली मान घालून रडायचं नाटक करत होता. थू!"

मुरोईलाही राग आला. इतक्या वर्षांच्या वणवणीत असा एक फोटो हाती लागला होता, आणि ही म्हातारी म्हणते पूस. त्याने कॅमेरा बंद करून गळ्यात अडकवला.

तेवढ्यात चिगुसा पायऱ्या चढून आली. गळ्याशी उजवी बाजू वर.

"हा काय चावटपणा?" मुरोई खेकसला.

तिने खाली पाहिलं. "अय्या! मी नाही केलं, बाबा." मागे वळून तिने नीट केलं.

पुन्हा वळली. उजवी बाजू वर.

आजीच्या हातातला चिमटा खाली पडला. मुरोईने लेकीचा हात धरला. विहिरीच्या तळासारखा गार.

"चिगुसा, चल. गाडीत बस."

ती हलली नाही. खंदकात पहिला दिवा सुटला. मग दुसरा. मग कितीतरी. दिवे संथपणे पाणदरवाज्याकडे सरकू लागले, आणि चिगुसाही तिकडेच निघाली. हात सोडवून. एकेक पायरी उतरत.

"चिगुसा!"

पाणी घोट्याला. पाणी गुडघ्याला...

मुरोईने कॅमेरा चालू केला. फोटो पुसला. पुसला गेला, त्याने दोनदा पाहिलं.

ती थांबली नाही.

पाणी कमरेला. तिने मान वळवली. चेहरा चिगुसाचा. आवाज... आवाज तिचा नव्हता. फळीच्या मागून आल्यासारखा.

"बाबा, पलीकडे गेल्यावर उघडाल ना?"

काठावर सगळं गाव उभं होतं. कोणी हलेना.

आणि मुरोई भडकला! जन्मभर वरच्या आवाजात न बोललेला तो पोस्टातला कारकून बुटांसकट पाण्यात घुसला. लेकीला कवटाळलं. भर गावासमोर तिचा कमरपट्टा फाडून काढला, डावी बाजू ओढून वर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. बुरुजाकडे तोंड करून तो ओरडला, "अरे नामर्दा! जिवाला भ्यालास! पोटच्या पोरीपुढे तुला तुझं मुंडकं प्यारं! मी नाही देणार माझी! कळलं? नाही देणार!" मग लेकीच्या कानाशी तोंड नेऊन, "उघडली गं. उघडली पेटी. बघ, उघडली..."

तो तिला तसाच धरून उभा राहिला.

मग तिला ठसका आला. "बाबा, थंडी वाजतेय," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

आजीने दोघांना टपरीत घेतलं, शेगडीपाशी बसवलं, गरम चहा पाजला आणि पुन्हा मुरोईला शिव्या घातल्या. चिगुसाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आता दोन मुलं आहेत तिला. पाणदरवाज्यावर काय झालं, यातलं तिला अक्षरही आठवत नाही.

लेकीचं लग्न झाल्यावर मुरोई इथे आला. ह्याच टेबलापाशी बसला. म्हणाला, फोटो धुरकट येतायत, तेव्हापासून कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, खंदकाचं पाणी शिरलं असेल. मी लेन्स खोलली. आत पाण्याचा थेंब नव्हता. पुढची काच बाहेरून लखलखीत होती, बोटाचा ठसासुद्धा नाही.

मी ती काढून दिव्याखाली उलटी धरली. आतल्या बाजूला ओरखडे होते, नखांनी काढल्यासारखे. वरून खाली, शेजारी शेजारी. खाली लेन्सच्या नळीत काचेचा बारीक भुगा साचला होता.

मुरोईने पाहिलं. "उघडली म्हणालो होतो मी त्या पेटीतल्या पोरीला," एवढंच बोलला.

काच टेबलावर तशीच पडली होती. आणि आम्ही बघत असताना तिच्यावर आणखी एक ओरखडा उमटला.