न घासलेली काच

बाबांच्या पलटणीचे फोटो जुने करून द्यायचे होते. काम एवढंच. भुताखेतांशी माझा संबंध नव्हता, आजही नाही असंच मी म्हणेन. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तो दिवा जरा इकडे सरकवा, मला तुमचा चेहरा नीट दिसायला हवा. का, ते कळेल पुढे.

आधी पलटण म्हणजे काय ते ऐका, म्हणजे तुम्हाला हसून घेता येईल. नळखात्यातून निवृत्त झालेले माझे बाबा, दातांचा दवाखाना चालवणारे एक काका, शाळेतले एक पीटी मास्तर आणि असेच आणखी काही पोटं सुटलेले पुरुष. दर हिवाळ्यात ही मंडळी गावाबाहेरच्या माळावर जाड लोकरीचे कोट घालून जमायची आणि त्याच माळावर फार पूर्वी कापल्या गेलेल्या एका पलटणीची शेवटची लढाई पुन्हा लढायची. पुन्हा हरायची. मरून झालं की उठून डबे खायची. बाबा कप्तान. आमच्या न्हाणीघरातला गळका नळ या नळखात्यातल्या माणसाने जन्मात दुरुस्त केला नाही, पण कोटाची पितळी बटणं मात्र रोज घासायचा.

मी कॉलेज मध्येच सोडलं होतं आणि मामाच्या फोटो स्टुडिओत काम करत होते. बाबांना ती बेअब्रू वाटायची. एक दिवस जेवताना त्यांनी पैज लावावी तसं सांगितलं, "पलटणीचे फोटो असे करून दाखव की त्या काळातलेच वाटले पाहिजेत. जमलं तर राहा मामाकडे. नाही जमलं तर मुकाट्याने कॉलेजात परत जायचं."

आई म्हणाली, "हो म्हण गं, त्यात काय एवढं."

मी हो म्हटलं. कॉम्प्युटरवर बसले. रंग काढले, तपकिरी छटा चढवली, जुन्या फिल्मसारखे दाणे टाकले, ओरखडे पाडले, कोपरे विटवले. बाबांनी प्रिंट हातात धरली, लांब केली, जवळ आणली.

"चहा सांडलाय का यावर?"

दुसऱ्यांदा केलं. "आता चहा गाळून सांडलाय." तिसऱ्यांदा दातवाले काकाही बघायला आले आणि तोंडात बोट घालून तपासावं तशी मान तिरकी करून म्हणाले, "काहीतरी किडलंय यात. नक्की कुठे ते सांगता येत नाही."

"अहो, मग काय खोटं आहे ते तरी सांगा!" मी ओरडले.

"ते तू शोधायचं," बाबा म्हणाले. "शिकलेली आहेस ना? अर्धी तरी."

हा माणूस असाच. चूक दाखवायची नाही, फक्त ती आहे एवढं सांगून समोरच्याला जाळत ठेवायचं. आयुष्यभर ऑफिसात फायली अशाच परत पाठवल्या असणार. त्या रागात मी फोटो मोठे करून करून पाहिले तेव्हा मला कळलं. डोळे. कोट जुना, बूट जुने, पण डोळे आजचे. हजार वेळा फोटो काढून घेतलेल्या माणसांचे. बटण दाबायच्या आधीच त्यांचा चेहरा तयार असायचा. त्यावर कितीही ओरखडे ओढा, काय फरक पडणार?

मग मी ठरवलं, सोंगच नको. त्या काळी काढायचे तसेच काढू.

मामाच्या माळ्यावर त्याच्या आजोबांचा लाकडी कॅमेरा होता. तीन पायांवर उभा राहणारा, मागे काळा कपडा असलेला. मामाने रसायनं मिळवली आणि रीत शिकवली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. समोरच्याने तेवढा वेळ हलायचं नाही. हलला तो पुसट होणार, म्हणून खुर्चीच्या मागे मान धरणारा लोखंडी चिमटा. आणि काचेवर येतं ते आरशासारखं उलटं येतं. उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे.

"आणि काच घासायची," मामा म्हणाला. "या पेटीतल्या सगळ्या वापरलेल्या आहेत. नीट घासली नाहीस तर आधीचा माणूस वर येतो. काचेला विसरायला लावावं लागतं, बाई."

हे बाबांनी ऐकलं. "मुळीच घासायची नाही. डाग, चरे, सगळं राहू दे. तेच तर खरं आहे."

"दाजी, ऐका माझं..."

"मी कप्तान आहे का तू?"

मेहुण्याच्या दुकानात उभं राहून बोलले हे. मामा गप्प बसला. आमच्याकडे मोठ्या माणसांना गप्प बसण्याचं वळण फार चांगलं आहे.

स्टुडिओच्या मागच्या अंगणात, भर दुपारच्या उजेडात, मी पलटणीचा पहिला फोटो घेतला. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली काच हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, सोडली. त्या खोलीला गोडसर, डोकं जड करणारा वास भरून राहिला होता. दुधाळ पडदा विरघळत गेला आणि माणसं वर आली. काळे कोट, फिकट डोळे. मला खरंच वाटलं, जमलं.

मग पीटी मास्तरांच्या मागे उभा असलेला एक माणूस दिसला. तो आमच्यातला नव्हता. बाकी सगळे थोडे थोडे हलले होते, श्वास तरी घेतलाच होता. तो मात्र सुईने कोरल्यासारखा स्पष्ट होता.

"आधीचा फोटो," मामा म्हणाला. "सांगितलं होतं मी. घासली नाही की असं होतं."

पलटण मात्र खूश. "अरे वा, हा पाहुणा कोण?" मास्तर म्हणाले. "कवायतीला दांडी मारतो आणि फोटोला बरोबर हजर!" सगळे हसले. त्यांनी त्याचं नावच पाहुणा ठेवलं.

दुसऱ्या काचेवर पाहुणा दातवाल्या काकांच्या शेजारी होता. तिसरीवर बाबांच्या खांद्याला लागून. मी मामाला तिन्ही काचा ओळीने मांडून दाखवल्या.

"काचा वेगवेगळ्या आहेत. मग तोच माणूस कसा? आणि पुढे पुढे कसा येतोय?"

मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू धुताना घोळ घातला असशील काहीतरी."

म्हणजे माझीच चूक. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला बाबांचं कुठलंच काम धड होऊ द्यायचं नाही ना?" बाबांना सांगितलं तर ते तिसरी काच उजेडाला धरून म्हणाले, "हे डोळे बघ. असे डोळे हवे होते मला. आता माझा एकट्याचा काढ. तो जमला की तू सुटलीस."

मी सुटणार होते. पण ती काच बघताना पहिल्यांदाच मला कॉलेजची धास्ती आठवली नाही. बाबांच्या खांद्यावर त्या माणसाची बोटं होती. आधीच्या दोन काचांवर नव्हती.

नाही म्हणून पाहिलं. भांडून पाहिलं. "घाबरलीस? की कॉलेजच्या बाकावर बसायची हौस आली?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग मी माझं डोकं चालवलं. पेटीतली काच घेतलीच नाही. खिडक्यांच्या काचा कापणाऱ्याकडून कोरी काच आणली, जिच्यावर कधी कुणाचा फोटो निघाला नव्हता. तरीही खडूच्या भुकटीने घासली, बोटांची सालं निघेपर्यंत. पाहुण्याला यायला जागाच ठेवायची नाही म्हणून. बाबांना काही बोलले नाही.

ते खुर्चीत बसले. मी चिमट्यात मान अडकवली. त्यांच्या उजव्या गालावर तीळ आहे, चिमटा बसवताना तो माझ्या बोटाला लागला.

"हलू नका हं, बाबा."

"तू तुझं बघ."

हे त्यांचं शेवटचं वाक्य. तेव्हा मला ते कळलं नाही, फक्त राग आला.

मी भिंगावरचं झाकण काढलं. समोरून बघत होते. बाबा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. इतके की मीच अर्ध्यात म्हणाले, "बाबा...?" झाकण लावलं, काच घेऊन आत पळाले.

हायपोत दुधाळ पडदा विरघळला. पाहुणा नव्हता. मी मोठ्ठा श्वास सोडला. फक्त बाबा होते.

पण ते हललेले होते. तोंडाच्या जागी नुसता धूर, जसा कुणी झाकण उघडं असेपर्यंत सारखं ओरडत राहिलं की येतो. एक हात पुढे आलेला, तोही पुसट. डोळे मात्र स्पष्ट. त्यात जुनं काहीच नव्हतं. नळखात्याच्या माणसाचे, आजचे, भेदरलेले डोळे.

मी समोर बघत होते. ते हलले नव्हते... मी बघत होते.

आणि तीळ. काचेवर सगळं उलटं येतं. म्हणजे काचेवर तो डाव्या गालावर दिसायला हवा. तो उजव्या गालावर होता.

मी पडदा सारून बाहेर आले. खुर्चीतल्या माणसाने स्वतःच चिमटा सोडवला होता. डाव्या हाताने. माझ्याकडे बघून तो हसला. तीळ डाव्या गालावर होता.

"जमलं ना?" तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

"मामा..." मी हाक मारली. "मामा, इकडे ये... यांच्या गालाकडे बघ."

मामाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आधीपासून तिकडेच होता ना तो?"

तुम्हाला सांगते, भुतापेक्षा मला त्या क्षणी मामाचा जास्त संताप आला.

तो माणूस आमच्या घरी राहतो. घरी आल्या आल्या त्याने न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला. मला म्हणाला, "कॉलेजचं मनावर घेऊ नकोस, तुला हवं ते कर." कधी आवाज चढवत नाही. डाव्या हाताने जेवतो, फायलींबद्दल बोलत नाही, घोरत नाही. झोपतो तेव्हा उताणा, एकदा पडला की सकाळपर्यंत चादरीची घडीसुद्धा मोडत नाही. पलटणीला त्याचं भारी कौतुक. दातवाले काका म्हणाले, "आता कसा अस्सल वाटतो कप्तान!" आता त्यांनाही एकट्याचा फोटो हवा आहे. मास्तरांनाही. मी कॅमेऱ्याचं भिंग काढून लपवलंय. त्यावरून मामा बोलत नाही माझ्याशी.

मला हवं होतं ते सगळं मिळालं, बघा.

त्याची माझ्याकडे एकच मागणी आहे, तीही रोज, प्रेमाने. "ती काच बिघडलीये ना, बेटा? मग घासून टाक. उगाच वाया कशाला घालवायची?"

बाबांनी मला जन्मात बेटा म्हटलं नव्हतं.

मी आईला एकदा स्वयंपाकघरात गाठलं. काच तिच्यासमोर धरली. "हे बाबा आहेत. बघ. ओळख."

तिने बघितलं. ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. तिचा हात तोंडाकडे गेला. मग बाहेरच्या खोलीत तो काहीतरी गुणगुणत होता तिकडे तिने कान दिला. आणि काच माझ्या हातात परत देत हळू म्हणाली, "किती वर्षांनी घरात शांतता आहे गं... घासून टाक ना एकदाची."

मी घासली नाही. काचेतला माणूस मला आयुष्यात एकदाही चांगलं बोलला नाही, पण माझा होता. काच मी मऊ फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवते. चित्र टिकावं म्हणून काचेवर वार्निश मारतात, त्याचंही धाडस होत नाही, श्वास कोंडला तर?

हसू नका. रोज सकाळी फडकं सोडते तेव्हा त्या काचेवर वाफ धरलेली असते. सगळीकडे नाही, फक्त तोंडापाशी. वरून पुसते, खालून पुसते, जात नाही. थोड्या वेळाने आपली विरते आणि परत धरते.

आज सकाळी त्या वाफेत बोटाने ओढलेली एक रेघ होती... आतल्या बाजूने.