तिसरा खोकला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्यांना भास कसे होतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

हा भास नव्हता.

दिवस गुरुवार. चुसोक, म्हणजे पितरांना पान मांडायचा आमचा सण, चार दिवसांवर. सकाळचे पावणेअकरा, लख्ख ऊन. जागा, कोरियातल्या देगू शहरातलं आमचं घर. माझ्या धाकट्या भावाची खोली.

भाऊ म्हणजे हान-ग्योल. तीन वर्षांपूर्वी गेला, सव्विसाव्या वर्षी. स्कूटरवर होता. घरापासून दोन सिग्नल पलीकडे.

त्या सकाळी त्याचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बाबांचं भाताचे कुकर दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि स्वभाव एक नंबरचा हेकट. हा उठल्या उठल्या गेम खेळत बसला म्हणून त्यांनी प्लगच उपटला. हान-ग्योल तसाच उपाशी निघून गेला.

आई आमच्या लहानपणीच गेली. बाबांना माया दाखवता येत नाही. त्यांच्याकडे एकच वाक्य. जेवलास का? समोर दिसला की जेवलास का, फोनवर जेवलास का.

त्या सकाळी तेवढं विचारायचं राहिलं.

आमच्यात लग्न न झालेल्या मुलाचं पान आईबापाने मांडायचं नसतं. सणाला आजी-आजोबांसाठी भात, मासे, फळं, सगळं मांडतात. मग सगळे बाहेर येऊन दार लावून घेतात, गेलेल्यांना निवांत जेवता यावं म्हणून. परत आत जाण्याआधी घरातला कर्ता तीनदा खोकतो. येतोय बरं का, आवरा आता, असा त्याचा अर्थ.

हान-ग्योलसाठी यातलं काहीच नाही. बाबांनी एकदा थोरल्या काकांजवळ विषय काढला. काका म्हणाले, रीत ती रीत. बाबा घरी आले.

आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी त्याचा गेम उघडला.

आधी मी खूप हसले. मग ते काय करतायत ते कळलं, आणि हसू पळालं.

गेममध्ये हान-ग्योलचं नदीकाठी एक घर होतं. अंगणात मेज. त्यावर खायला कोणीही ठेवू शकतं, पण उचलता येतं फक्त मालकाला. बाबांनी स्वतःचा एक ढेरपोट्या शेतकरी तयार केला. त्याला भात शिजवायला शिकवण्यात अकरा दिवस घालवले. वाडगा मेजावर ठेवला.

तीन वर्षं तो तिथेच. गेममधली वाफ कधी विरत नाही.

रोज दुकान उघडण्याआधी शेतकरी त्या मेजाशी जायचा आणि विचारायचा, जेवलास का. तेही चुकीचं. आमच्या की-बोर्डवर एकाच कळीवर कोरियन आणि इंग्रजी अक्षरं असतात. भाषा बदलायचं एक बटण असतं, ते बाबा हमखास विसरतात. मग ‘जेवलास का’च्या जागी क्यू, के, क्यू, ए, जे, आर... असलं काहीतरी उमटतं. दुकानातूनही ते हान-ग्योलला असलेच निरोप पाठवायचे. तो म्हणायचा, “ताई, बाबा साहेब झाले बघ.” पण वाचायचा अगदी बरोबर.

यंदा कंपनीने गेम बंद करायचं ठरवलं. त्या गुरुवारी, सकाळी अकराला.

बाबांनी दुकान उघडलं नाही. मी रजा काढून त्यांच्या मागे उभी राहिले. गेममधल्या चौकात लोक निरोपाचे फटाके उडवत होते. शेतकरी मेजाशी गेला. क्यू, के, क्यू...

“बाबा, आज तरी ते बटण दाबा. शेवटचा दिवस आहे.”

“राहू दे गं. त्याला वाचता येतं.”

दहा बावन्न.

फटाक्यांचा आवाज थांबला. मग नदीचाही...

मला वाटलं, स्पीकर गेला. पण वाफही थांबली होती. मी वाकून पाहिलं.

वाडगा रिकामा होता.

त्याच्या खात्याचा पासवर्ड आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. घराच्या पाटीवर त्याचं नाव अजून करडंच होतं, म्हणजे मालक आलेला नाही.

मग खालच्या चौकटीत दोन अक्षरं उमटली. बोलणाऱ्याचं नाव नाही. नुसतं...

एस. पी.

मला काही उमगेना. बाबांनी बोटाने कळा शोधल्या. एसच्या कळीवरचं आमचं अक्षर, मग पीच्या. दोन्ही मिळून ‘हो’ होतं. मोठ्यांना म्हणतात तो ‘हो’.

“जेवला,” बाबा म्हणाले. “हो म्हणतोय. जेवला गं.”

आई गेली तेव्हा बाबा रडले नव्हते, भाऊ गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी हमसून हमसून रडले. मीही रडले. अकरा वाजले आणि पडदा काळा झाला.

मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. बाबांनी मनगट धरलं.

“नको. सावकाश जेवू दे त्याला.”

त्यांनी मला बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं, सणाला लावतात तसं. आम्ही बोळकांडीत उभे राहिलो. आता खोकतील, मग खोकतील, म्हणून मी वाट बघत होते. ते खोकले नाहीत. चपला घालून दुकानात गेले.

याला चार महिने झाले. दार बंदच आहे. आतून कॉम्प्युटरची घरघर ऐकू येते. त्याची सवय झाली होती.

गेल्या आठवड्यात मला सर्दी झाली. भरदुपारी, घरात एकटी, कपडे घेऊन मी त्या दारावरून जात होते. खोकला आला. एकदा... दोनदा...

आतली घरघर थांबली.

आणि खुर्ची मागे सरकली. पानावरून घाईने उठावं तशी.

मी हातातला एक कपडा तोंडात कोंबला. तिसरा खोकला कसा गिळला, माझं मला माहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं. तशीच खाली बसले आणि दाराला तोंड लावून म्हणाले, “बस रे सोन्या. कोणी येत नाहीये. बस.”

किती वेळ गेला कोण जाणे. घरघर परत सुरू झाली.

तेव्हापासून खोकला आला की मी जिना उतरून रस्त्यावर जाते. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. पण माझी सर्दी त्यांना लागलीय.

काल सकाळपासून ते खोकतायत.