मापयंत्राची आठवण

"आजी, याची वायर तर भिंतीत खोचलेली आहे. मग बॅटरी संपत आल्याचं हे का सांगतंय?"

चंद्रावरच्या वस्तीतल्या प्रयोगशाळेत रेवती जुन्या व्होल्टमीटरसमोर (विजेचा दाब मोजणाऱ्या यंत्रासमोर) उभी होती. पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकत होती. तिची आजी, शास्त्रज्ञ यमुना तांडेल, धडपडत उठली. आजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. खूण पाहताच तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून सूचना आली. सूर्य मावळत होता. वस्ती आता साठवलेल्या विजेवर जाणार होती आणि त्यासाठी या भागातली वीज थोड्याच वेळात बंद होणार होती, ती थेट उद्यापर्यंत.

"उद्यापर्यंत ही बॅटरी तग धरणार नाही," आजी पुटपुटली. "यंत्र सगळं विसरून जाईल."

"विसरेल म्हणजे?"

"समज, तुझी मोजपट्टी जराशी आखूड निघाली. किती आखूड, ते ठाऊक असलं तर हिशेब करून खरं माप काढता येतं, हो ना? प्रत्येक यंत्र असंच थोडंफार चुकतं. पृथ्वीवर याला अचूक प्रमाणाशी ताडून पाहिलं आणि ते कुठे किती चुकतं याचे आकडे याच्या मेमरीत ठेवले. त्याला कॅलिब्रेशन (यंत्राचं माप प्रमाणाशी जुळवणं) म्हणतात. पण ही मेमरी जुन्या पद्धतीची. वीज थांबली की पाटी कोरी! म्हणून यंत्र बंद असताना तिला आतली चिमुकली बॅटरी जागं ठेवते."

"आकडे कॉपी करून घेऊ या!"

"याच्यात ती सोयच नाही गं. आणि वस्तीतले प्राणवायूमापक विजेच्या दाबावरून प्राणवायू मोजतात. ते सगळे आपण याच्यावरूनच तपासतो. पृथ्वीवरून पुढचं यान यायला कितीतरी महिने आहेत."

रेवतीला बालवाडीची खोली आठवली. तिचा धाकटा भाऊ तिथेच झोपायचा. "इतकी वर्षं ही बॅटरी नीट होती, मग आजच काय झालं?"

"लिथियमची बॅटरी अशीच असते. वर्षानुवर्षं दाब जवळपास तेवढाच ठेवते आणि शेवटी झपकन खाली येते. नवी लावायला हवी, आत्ताच. वीज गेली तर सोल्डरिंगची इस्त्रीही (धातूचा डाग वितळवून तारा जोडायचं अवजार) तापणार नाही."

"मी करतो," यंत्रमानव भालू पुढे सरकला.

"तू नको. तुझ्या हातातच बसवलेली इस्त्री जमिनीच्या तारेला (अर्थिंगला) जोडलेली आहे. तिचं टोक लागलं की मेमरीची वीज त्या वाटेनं निघून जाईल. तू फक्त उजेड धर. रेवती, साधी इस्त्री तापव. आत टेकवण्याआधी तिची पिन भिंतीतून काढायची."

आजीने यंत्र बंद केलं, वायर उपसली आणि रेवतीला झाकण उघडायला लावलं. आता ते सारे आकडे त्या दमलेल्या बॅटरीच्या भरवशावर होते.

"आधी ही मदतनीस बॅटरी. जुनी काढून नवी बसेपर्यंत हीच मेमरीला जागं ठेवेल. तिचे चिमटे मेमरीच्या या दोन टोकांना लाव. मध्ये डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे, त्यामुळे तिची वीज जुन्या बॅटरीत शिरणार नाही. लाल तार अधिक टोकाला. नीट बघ."

रेवतीने दोनदा बघितलं आणि चिमटे लावले. एक निसटू लागला. आजीने तो डाव्या हाताने दाबून धरला.

इतक्यात दिवे गेले. भालूच्या कपाळावरचा एकच झोत यंत्रावर पडला.

रेवतीने इस्त्रीची पिन काढली आणि टोक जोडावर टेकवलं. डाग वितळेना. "आजी, थंड झाली वाटतं!"

"नाही झाली. टोक आडवं टेकव. घाई नको."

डाग चकाकला, मऊ झाला. जुन्या बॅटरीचा एक पाय सुटला, मग दुसरा. रेवतीने नवी बसवली. शेवटचा डाग धरेस्तोवर इस्त्री खरंच निवत आली होती.

"आता चिमटे काढ."

चिमटे काढताना रेवतीने डोळे मिटून घेतले.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. वस्तीच्या घड्याळानुसार सकाळी वीज येताच दोघींनी यंत्र सुरू केलं. ते तापून स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ रेवती नखं कुरतडत बसली. मग आजीने प्रमाण म्हणून जपलेला, एकच ठरावीक दाब देणारा विद्युतघट जोडला. पडद्यावर आकडे उमटले. घटावरच्या चिठ्ठीतल्या आकड्यांशी ते शेवटच्या अंकापर्यंत जुळत होते.

"आठवतंय याला!" रेवती ओरडली. आजीने तिला एका हाताने घट्ट जवळ घेतलं.

"आजी, वीज गेली तरी न विसरणारी मेमरी असते ना?"

"असते. नव्या यंत्रांत तीच असते."

"मग हे आकडे वाचून त्यात ठेवणारं काहीतरी बनवू या. ही बॅटरी म्हातारी व्हायच्या आत."

"बनवू या की. पण आधी तपासणी."

यंत्र बालवाडीत नेऊन पहिला मापक त्यांनी तिथलाच घेतला. आजीची बोटं थबकली. तो खऱ्यापेक्षा जास्त प्राणवायू दाखवत होता, म्हणजे खोलीत प्राणवायू कमी पडत होता. तिने पेचकस रेवतीच्या हाती दिला. रेवतीने मापक जुळवला, तशी त्याच्या इशाऱ्यावर चालणारी भिंतीतली झडप उघडली आणि झोपलेल्या मुलांच्या खोलीत ताजी हवा सळसळत शिरली.