बावडीचा देवळाकडचा कोपरा

"भैया, जूते!"

गंधाली वरूनच ओरडली. पुरानी बस्तीतल्या त्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, चपला घालून कुणी उतरत नसे, आणि हे साहेब बुटांसकट अर्ध्या पायऱ्या उतरले होते! त्याने मुकाट्याने बूट काढले.

"काढले. पण मले भैया नका म्हणू."

"अय्या, मराठी?"

"नागपूरचा. शिशिर. या बावडीचा नकाशा काढून राहिलो." त्याने टेपचं टोक पुढे केलं. "मोजणीला मदतनीस येणार होता, आलाच नाही. धरता का?"

तिने धरलं... आणि रोजच धरू लागली. राज्य नवं, हे शहर त्याची नवी राजधानी, गाड्या लावायला जागा नाही. तेव्हा बावडीवर स्लॅब टाका, असं दुकानदारांचं म्हणणं. महापालिकेच्या सोमवारच्या बैठकीआधी शिशिरचा नकाशा पोचला तरच बावडी वाचणार होती. गंधालीचा जीव बावडीत होताच, पण आता टेपच्या दुसऱ्या टोकाशीही जाऊन बसला होता. मोजणी संपली की हा जाणार! म्हणून शेवटच्या दिवशी, देवळाकडच्या कोपऱ्यात, तिने टेप हळूच वीतभर सरकवली. नकाशा जुळणार नाही, तो पुन्हा येईल.

शनिवारी तो आला नाही. रविवारीही नाही. तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या लक्षात आलं. आपल्या लबाडीपायी बावडीच बुजली तर?

सोमवारी सकाळी ती धावत गेली, तर हा अनवाणी पायरीवर बसलेला.

"टेप मी मुद्दाम सरकवली होती," ती एका दमात म्हणाली. "चला, आत्ताच मोजू—"

"नकाशा तर शनिवारीच दिला."

"चुकीचा?"

"बरोबर. कोपरे जुळेनात, मग त्याच संध्याकाळी देवळाच्या पुजाऱ्यांले टोक धरायले लावलं." तो हसला. "त्यांनी नाही सरकवली."

"मग आज काहून आले?"

"दोन दिवस विचार करून राहिलो, टेप चुकून सरकली की मुद्दाम..."

कमानीखालच्या गारव्यातही तिचे कान तापले. पण आता माघार कसली!

"तुम्ही जाऊ नये म्हणून सरकवली. मले आवडता तुम्ही. झालं समाधान?"

सगळी बावडी कागदावर उतरवणारा तो माणूस घाईघाईने उठून उभा राहिला.

"बैठक झाली की... घरी येऊ? तुमच्या बाबांशी बोलायले?"

"या. पण बावडी वाचवून या."

"आणि नाही वाचली तर?"

गंधालीने पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तरी या," ती म्हणाली. "मग दोघं मिळून भांडू."